इमाममामांनी हात धुतले

डिझेल पंप खोलण्यात इमाममामांचा हात धरणारा कोरेगाव भीमापासून शिरूरपर्यंत कुणी नव्हता. शिक्रापूरला ट्रक बंद पडला की ड्रायव्हर आधी त्यांचंच गॅरेज विचारायचा. हात मात्र बारा महिने काळे. ईदलासुद्धा नखांत ग्रीस.

नव्या गाड्यांच्या पार्टांची पुस्तकं सीडीवर यायला लागली, तसा मामांनी जुना कॉम्प्युटर आणला. झालं! पान उलटायचं म्हणजे हात पुसा, आणि कितीही पुसला तरी माऊस चिकटायचाच. सहा महिन्यांत दोन माऊस कामातून गेले. मामांची लेक सुफिया शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिनं यातच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधला. पडद्यावर कॅमेरा बसवला, अब्बांच्या हातांचे शेकडो फोटो काढले आणि कॉम्प्युटरला त्या हातांचा रंग शिकवला. समोर हवेत हात डावीकडे फिरवला की पुढचं पान, उजवीकडे फिरवला की मागचं. कशाला शिवायचं कामच नाही! मामा रस्त्यानं जाणाऱ्यालाही आत ओढून दाखवायचे, "बघा, माझ्या पोरीनं काय केलंय!"

प्रोजेक्टची परीक्षा घ्यायला कॉलेजात बाहेरून सर येणार होते. त्यांना पटलं नाही तर वर्ष वाया. सुफिया म्हणाली, "अब्बा, चालवून तुम्हीच दाखवा." मामांनी आपल्या हातांकडे बघितलं. चार शिकलेल्या माणसांत असले हात घेऊन जायचं? पोरीला मान खाली घालायला लावायची? परीक्षेच्या सकाळी त्यांनी रॉकेलनं, मग वाळू आणि धुण्याच्या पावडरीनं तासभर हात घासले. कातडं सोलवटलं, पण हात कसे लख्ख!

सरांसमोर मामांनी हात फिरवला. पान ढिम्म. पुन्हा फिरवला. तरी ढिम्म. सर घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात सुफियाचं लक्ष हातांकडे गेलं आणि ती ओरडलीच, "अब्बा! हात कशाला धुतले?"

"तुला लाज वाटू नये म्हनून गं."

"मला कवा वाटली लाज? अन् ह्याला तुमचा काळाच हात ओळखता येतो!"

मामा ताडकन उठले आणि धावत सुटले. कॉलेजच्या आवारात एक टेम्पो उभा होता. नवा सदरा अंगात असताना भले गृहस्थ त्याच्याखाली शिरले आणि गिअरबॉक्सखालचं काळं ऑइल कोपरापर्यंत फासून आले. शिपाई "ओ चाचा, ओ चाचा" करत मागं पळतोय, पण ऐकतंय कोण!

हात फिरवला. सर्रकन पान पुढं! मामांना असा काही आनंद झाला की ते पानं पुढंमागं करत थांबेचनात.

"पण याचा उपयोग काय?" सरांनी विचारलं.

"सर, ज्यांचे हात कामात भरलेत त्यांच्यासाठी हाय हे," सुफिया म्हणाली. "ज्या रंगाचे हात शिकवले, ते ह्याला ओळखता येतात. पीठ मळणारी बाई असंल, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत हातमोजे घालून उभा असलेला कामगार असंल. पन आधी माझ्या अब्बांसाठी."

सर खुर्चीतून उठले. बाह्या सारून त्यांनी स्वतःच हात फिरवून पाहिला. पान हललं नाही. दोनदा, तीनदा. मग त्यांनी हसत हसत आपला गोरापान हात मामांपुढे धरला.

मामांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि मनगटापर्यंत चांगला चोळून काळा केला.

"आता फिरवा, सर."

सरांनी फिरवला, आणि पान पुढं गेलं.