रुबेनचं दुसरं नाव

सर्व्हर सुरू होत असताना आंटी पडद्याकडे बघतच नसे. डोळे मिटून, मान जरा कलती करून बसायची आणि मधेच म्हणायची, "पावतीवाला ओ देत नाय." आम्ही पडद्यावरच्या नोंदींचा लॉग वर सरकवून बघायचो, तर तिथे खरोखर पावत्यांच्याच भागाची चूक. मी ठाण्याहून इस्रायलला येऊन पेताह तिक्वा शहरातल्या त्या ऑफिसात नुकतीच लागले होते आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पंख्याच्या आवाजावरून तिला कळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. अंगावर काटा यायचा तो यायचाच.

ती माझ्यासारखीच मराठी ज्यू, तिथली जुनी प्रोग्रॅमर; हिब्रूशिवाय काही न येणारी पोरंही तिला आंटीच म्हणत. आमचे जावा भाषेतले मोठे प्रोग्रॅम सुट्या भागांचे बनलेले असत. प्रत्येक भाग सर्व्हरवर आपलं नाव नोंदवायचा आणि बाकीचे त्याला त्या नावानं बोलवायचे. नावात एका अक्षराचा फरक पडला की 'सापडत नाही' म्हणून सगळं ठप्प. पोरं घाबरून अख्खा प्रोग्रॅम पुन्हा चढवायला धावायची. आंटी हात वर करायची. "रेगा, रेगा. थांबा जरा. तो हाय तिथंच. तुम्ही कुठल्या नावानं हाक मारली, ते बघा आधी."

चाचणीच्या भागांना ती घरच्यांची नावं द्यायची. दोन मुली, नणंद, आणि सगळ्यात जुना भाग नवऱ्याच्या नावाचा, रुबेन. "ऑफिसात पण घरची माणसं जवळ असली की बरं वाटतं," म्हणायची.

मग रुबेन अंकल आजारी पडले. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी आपल्यातली जुनी रीत केली, आजाऱ्याचं नाव बदललं. मृत्युदूत नाव विचारत येतो. त्या नावाचा माणूसच नसला तर तो परत जातो, असं आपले लोक मानतात. अंकलचं नाव हाईम ठेवलं, म्हणजे जीवन. आंटीनं जुनं नाव कुठे म्हणून राहू दिलं नाही. दारावरची पाटी काढली, मुलींना दटावलं आणि एक दिवस ऑफिसात येऊन त्या भागाचंही नाव हाईम करून टाकलं. त्याला रुबेन म्हणून बोलवणारा भाग मात्र तिनं तसाच सोडला.

त्या दिवसापासून लॉगमध्ये सारखी एकच ओळ उमटू लागली. रुबेन सापडत नाही. थोडा वेळ शांत, की पुन्हा तेच. एकही चूक खपवून न घेणारी ही बाई ती ओळ बघून सुखावायची. मी दुरुस्त करायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"हात नको लावू गो. विचारतोय तो. विचारू दे."

कोण विचारतोय, हे मी विचारलं नाही. पण नंतर त्या पडद्याकडे पाठ करून बसणं मला जमेना.

एका शुक्रवारी दुपारी ती ओळ यायची थांबली. मी बघितलं, तर भागाचं नाव पुन्हा रुबेन केलेलं होतं. आंटीनंच केलं होतं आणि ती इस्पितळात निघून गेली होती. शाब्बाथ लागायच्या आत अंकल गेले.

सात दिवसांच्या सुतकात मी भेटायला गेले. ती जमिनीवर बसली होती. मला तिचा रागच आला होता, आणि मी तो बोलून दाखवला. "एवढं सगळं केलंस आंटी, आणि शेवटी तूच नाव परत लावलंस?"

"हाईम, हाईम करायचे मी, आणि तो भिंतीकडे बघायचा," ती म्हणाली. "त्या विचारणाऱ्यापासून लपवला, तर माझ्यापासून पण लपला. मंग म्हटलं, इथं लपवायचं आणि तिथं बोलवायचं, हे बरं नाय. ऑफिसात नाव नीट केलं, इस्पितळात गेले आणि बोलवलं, रुबेन. ओ बोलला गो. माझ्याकडं बघून हसला."

तिनं मला शेजारी जमिनीवर बसवून घेतलं.

"खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. मला ठाऊक होतं. तरी बोलवलं."