मानमोडीच्या साथीतली जयवंताची फेरी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोवर्धन माळ्याने झेंडूची फुलं बंडीत भरून अकोल्याच्या बाजारात नेली आणि संध्याकाळी जवळजवळ तशीच परत आणली. सन एकोणीसशे अठराची गोष्ट. मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएन्झाचा, ताप जुन्या शहरात शिरून आठवडा झाला होता. तोरणं बांधायला कोणाची दारं उघडी नव्हती. रात्री तिरडीसाठी दोन माणसं येऊन एक टोपली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं आले. तिसऱ्या दिवशी गोवर्धनचं अंग तापलं. चौथ्या दिवशी तो उठून बसला, पाणी प्यायला आणि सातव्या दिवशी गेला. उरलेली फुलं त्याच्याच अंगावर पडली.

जयवंता, त्याची बायको, रडली नाही.

"रडून घे वं पोरी," तिची सासू पार्बताबाई म्हणाली. "आतल्या आत राहिलं तं जड जाते."

जयवंताने मान हलवली. रडणं येतच नव्हतं. तो गेल्याच्या पाचव्या दिवशी पहाटे ती मोर्णा नदीकाठच्या बाडीत, आपल्या भाजीच्या मळ्यात गेली, फुलोऱ्यावर आलेली मेथी कापली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. नुकतीच विधवा झालेली बाई घराबाहेर पडली म्हणून एरवी गल्लीने बोट दाखवलं असतं. त्या दिवसांत बोट दाखवायला ओट्यावर कोणी नव्हतंच. आणि सुतक तरी कोणी कोणाचं पाळावं?

बाजारात तीन गाई बसल्या होत्या. कापडाची दुकानं बंद, पांढऱ्या कापडाचं तेवढं उघडं. ती परत फिरली, तेव्हा एका माडीवरून हाक आली.

"वो माळीणबाई! लिंबं आहेत काय?"

खुशालराव होते. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणजे बाजारातली नामांकित गिऱ्हाईक. एकेक वांगं दाबून पाहायची, दहा दुकानं फिरायची, मग पहिल्याच दुकानी येऊन भाव पाडायची.

"आज नाही मास्तर. उद्या आणतो."

"वर येऊ नको. टोपली सोडतो दोरीनं. तिले ताप आहे."

दुसऱ्या दिवशी ती विहिरीजवळच्या झाडाची लिंबं घेऊन आली. टोपली वर जाताना पाहून समोरची खिडकी उघडली, मग तिच्या पलीकडची. आठवड्याभरात ती गल्लीगल्लीतून फिरू लागली. वांगी, मिरच्या कोणाला नको होत्या. लिंबं, आलं, पुदिना, तुळस, कांदे हवे होते. मग लोक वाण्याकडचा साबुदाणा आणायला सांगू लागले, दवाखान्यातल्या औषधाची बाटली, दुसऱ्या गल्लीतल्या लेकीची खुशाली. भाव कोणी करेना. टोपलीत हाताला येतील ते पैसे टाकायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. मनकर्णाबाईला काय हवं म्हणून विचारलं, तर आतून आवाज आला, "कसंही दे, चालते." जयवंताने त्यातल्या त्यात चांगली लिंबं निवडून वर पाठवली. ती पुढच्या खिडकीखाली गेली.

एके सकाळी खुशालराव खिडकीत आले, पण टोपली सोडली नाही.

"आज काही नको."

"उद्या?"

"उद्याही नको."

ती उभी राहिली. मनकर्णाबाई गेली, हे तिला कळलं.

"तुमी जेवले काय मास्तर?"

"मले कुठं येते करता?"

"दोरी सोडा."

तिने मेथीची जुडी, कांदा आणि वाण्याकडून आणलेले डाळतांदूळ टोपलीत ठेवले. मग गल्लीतूनच मोठ्याने सांगू लागली. "गंजात पाणी ठेवा. दोन मुठी तांदूळ, मूठभर डाळ. मीठ टाका."

खुशालराव आत गेले, परत आले. "मीठ सापडून नाही राहिलं."

"चुलीजवळ पाहा. डाव्या हाताले."

"तुले कसं माहीत?"

"सगळ्याइच्या घरी तिथंच असते."

मीठ तिथंच होतं. तांदळाचा वास खाली येईपर्यंत ती उन्हात थांबली. इतर खिडक्यांमधले लोकही ऐकत होते. कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून पार्बताबाई घरी भाकरी थापू लागली, जयवंता भाजी करू लागली. ज्या घरात रांधणारा हात उरला नव्हता तिथे ती फडक्यात बांधलेली भाकर पोचवी. कोणाच्या हातचं, हे विचारायचं लोक विसरले होते.

कार्तिक सरला तशी साथ ओसरली. बाजार भरला, बंड्या आल्या, कापडाच्या दुकानांत लुगडी लटकली. ज्यांना आठवलं त्यांनी माळिणीच्या हातची भाकर नको म्हणून कळवलं. जयवंताने बरं म्हटलं. भाजीसाठी मात्र काही खिडक्या उघड्याच राहिल्या. म्हातारी माणसं होती, एकटी पडलेली. बाजारात जायचा कोणाला धीर होत नव्हता, कोणाला ज्याच्यासोबत जायचं ते माणूस नव्हतं.

पौषात तिचा भाऊ शालिकराम अमरावतीहून न्यायला आला.

"चाल माह्या घरी. सासूलेही घे. इथं काय ठेवलं आता?"

"परवा जाऊ. उद्या बारा घरची भाजी आहे."

तो थांबला. ठरल्या दिवशी ती पहाटे उठली, मेथी कापली, टोपली भरली.

"जयवंते, आज जायचं होतं नं?"

"हाव," ती म्हणाली. "खुशालराव मास्तरनं पालक सांगितली होती. देऊन येतो."

ती दुपार टळल्यावर आली, हातपाय धुतले आणि दुसऱ्या दिवसाची लिंबं निवडायला बसली. शालिकरामने पार्बताबाईकडे पाहिलं. म्हातारीने त्याच्या एकट्याच्या शिदोरीसाठी पीठ मळायला घेतलं.