सी नव्हे, ई!

अक्कांना अर्धवट माहिती चालतच नसे. कुणाचा मुलगा इंजिनिअर झाला म्हटलं की त्या विचारत, "पॉइंटच्या पुढे काय?" म्हणजे कोणता इंजिनिअर? मी पाहुणे आलेत म्हटलं, तर माहेरचे की सासरचे, तेही त्यांना लगेच हवं असे.

मुलांनो, शेजारच्या या कानडी अक्का एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात होत्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला कोड द्यायचा, हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवे कोड आले: आधी इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे, मग पॉइंट आणि पुढे नेमका प्रकार. कॅन्सर 'सी'त, आयोडीन कमी पडून होणारे आजार 'ई'त. संध्याकाळी कॉफी पिताना त्या रंगवून सांगत, "आज सगळ्यांचे पायच मोडलेले बघ! स्वल्प साखर घाल, डोकं गेलंय."

मग तुमच्या आईच्या गळ्याला सूज आली. ती तेव्हा कॉलेजात होती. सुईने नमुना घेतला आणि आम्ही रिपोर्टची वाट पाहत राहिलो. त्या दिवसांत अक्का कॉफीला येत, पण कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटे.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात, माझा विश्वास बसेना. कागदावर त्यांनी नुसतं 'गॉयटर' लिहिलं होतं. बाहेर थांबलेल्या अक्कांनी तो कागद वाचला आणि थेट आत गेल्या.

"सार, नुसतं गॉयटर? कशामुळे? पॉइंटच्या पुढे काय?"

डॉक्टरांनी हसत पूर्ण लिहून दिलं: आयोडीनच्या कमतरतेमुळे झालेला, सगळ्या ग्रंथीवर सारखा पसरलेला गलगंड.

बाहेर येऊन अक्का ओरडल्या, "ई! ई! ई!"

झुरळच निघालं असं समजून झाडूवाली धावत आली. "एनु अक्का, येल्ली? कुठंय?"

"झुरळ नव्हे गं, कोड! ई शून्य एक, पॉइंट शून्य!" मग माझा दंड धरून म्हणाल्या, "सी नव्हे, ई. ऐकतेस ना? आता रडायचं ते घरी जाऊन रड, इथे रांग लागलीय."

तुमच्या आईला त्यांनी वेगळंच सांगितलं. "गलगंड झालाय तुला. कन्नडात गंड म्हणजे नवरा. एक गळ्यात पडलाच, दुसरा सावकाश बघू." कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

आमच्या खडेमिठाच्या बरणीत आयोडीनचं मीठ आलं. औषधं चालू होतीच. सूज हळूहळू उतरली. पुढे तुमच्या आईच्या लग्नानंतर अक्का मुलाकडे धारवाडला गेल्या, आणि तिथेच त्या वारल्या.

लग्नाच्या दिवशी त्यांनी नवरीला पंगतीतून बाजूला घेतलं आणि पाण्याचा पेला हातात दिला. "मान वर कर. घोट घे." पाणी खाली उतरेपर्यंत त्या तिच्या गळ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी, गळा ठीक आहे," आणि तेव्हा कुठे जेवायला बसल्या.