जोगळेकरांची पहिली ओळ

आधीच सांगतो, कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नका. परमिशन बघितल्या का, पाथ बरोबर होता का, फाईलमध्ये अदृश्य अक्षरं होती का... सगळं बघितलंय, तुमच्या आधी आणि तुमच्यापेक्षा जास्त वेळा. चौदा वर्षं हेच करतोय. या सदरात लोक जे भुताटकीचे अनुभव लिहितात ते वाचून मी आजवर हसतच आलो. घरी पूजा असली की मुद्दाम लॅपटॉप उघडून बसणारा माणूस आहे मी. तरी लिहितोय, कारण हे डोक्यातून जात नाही आणि घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

मी मंदार. मूळचा पुण्याचा, सहा वर्षं सिंगापूरला. मरीन परेडला भाड्याचा फ्लॅट, बायको केतकी, सात वर्षांची मुलगी इरा. ऑफिस पाया लेबारला, खाली मॉल आणि नवव्या मजल्यावर आम्ही. आमचा प्रोग्रॅम गोदामांसाठी आहे. कोणती लॉरी कोणत्या दाराशी किती वाजता लागणार, ते तो ठरवतो. सुरू होताना तो एक कॉन्फिग फाईल वाचतो. फार मोठं काही नाही, साधा मजकूर असतो... अमुक गोदामाला इतकी दारं, सर्व्हरचा पत्ता हा, वगैरे. पण ती लोड झाली नाही तर प्रोग्रॅम उठत नाही आणि लॉऱ्या रस्त्यावर रांग लावून उभ्या राहतात.

ही फाईल जोगळेकरांनी लिहिलेली. जोगळेकर म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यात वयस्कर, बावन्न वर्षांचे, चिंचवडचे. हळू बोलणार, हळू जेवणार, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणार. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. आणि त्यांची एक सवय होती. कुठलीही फाईल उघडली की पहिल्या ओळीत ते लिहायचे,

# श्री

आपल्याकडे वहीच्या, यादीच्या, पत्राच्या डोक्यावर लिहितात तसंच. हॅशनं सुरू होणारी ओळ प्रोग्रॅम वाचत नाही, सरळ सोडून देतो. ती माणसांसाठी असते. म्हणजे त्या 'श्री'नं काही बिघडत नव्हतं आणि काही साधतही नव्हतं. मी त्यांना चारचौघांत चिडवायचो, "सर, सर्व्हरला नारळ पण फोडा एकदा." ते हसायचे. "सवय रे. शाळेपासूनची."

चायनीज न्यू इयरच्या सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी प्रोग्रॅम उठला नाही. फाईल लोड होईना. पावणेदोन तास तीन गोदामं बंद. मी शोधलं, दुरुस्त केलं, आणि आमचा मॅनेजर एड्रियन, जो इथलाच आहे, त्याला सांगितलं की पहिल्या ओळीत इंग्रजी सोडून दुसऱ्या लिपीतली अक्षरं होती, त्यावर प्रोग्रॅम अडकला. एड्रियननं जोगळेकरांना काचेच्या खोलीत बोलावलं. बाहेर ऐकू येत होतं.

"यू पुट प्रेयर इन्साइड माय सिस्टीम, इझ इट?"

जोगळेकर म्हणाले, "सॉरी, एड्रियन." बस, एवढंच.

त्यांचा ईपी, म्हणजे इथे नोकरी करायचा पास, पुढच्याच महिन्यात संपणार होता. कंपनीनं तो पुढे वाढवला नाही. पास संपला की सामान गुंडाळायला फार दिवस मिळत नाहीत. त्यांनी फ्रिज, पलंग, सायकल मराठी ग्रुपवर विकायला टाकलं. मिक्सर केतकीला तसाच दिला. शेवटच्या दिवशी माझ्या डेस्कपाशी आले आणि म्हणाले, "मंदार, माझ्यामुळे तुझी फार धावपळ झाली त्या दिवशी. राग ठेवू नकोस." मी म्हटलं, "छे हो सर."

ते शनिवारी गेले. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी फाईलमध्ये एका गोदामाच्या दारांचा आकडा बदलला, सहाचे सात केले, आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. स्क्रीनवर आलं की कॉन्फिग लोड करता येत नाही, ओळ एक.

ओळ एक? मी बदल केला होता चाळिसाव्या ओळीत.

जुनी फाईल परत टाकली. लोड झाली. पुन्हा सहाचे सात... नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या हुई लिंगला म्हटलं, तू करून बघ. तिनं तोच बदल केला. लोड झाली. दोघंही एकाच सामाईक लॉगिननं, एकाच मशीनवर, एकाच कीबोर्डवर. फाईलवरून एक लांबलचक आकडा काढता येतो. एक टिंब जरी वेगळं असलं तरी तो आकडा बदलतो. तिच्या फाईलचा आणि माझ्या फाईलचा आकडा एकच आला. मी तो मोठ्यानं वाचला, तिनं स्क्रीनवर बोट ठेवून पडताळला. एकच.

हुई लिंग म्हणाली, "मेबी इट डोन्ट लाईक यू, लाह." तेव्हा मीही हसलो होतो.

पुढचे तीन आठवडे मी काय काय केलं ते लिहीत नाही, कंटाळाल. थोडक्यात, मी नुसती फाईल उघडून काही न बदलता सेव्ह केली तरी ओळ एक. दुसऱ्या मशीनवर गेलो, ओळ एक. घरी शनिवारी सकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर दहा ओळींचा खेळण्यातला प्रोग्रॅम लिहिला, त्याला तीन ओळींची फाईल दिली. ओळ एक! तीच फाईल केतकीनं टाईप केली, जिला यातलं काही कळत नाही, ती लोड झाली. इरा मागे उभी होती. म्हणाली, "पापा, इट्स अँग्री विथ यू." मी तिच्यावर ओरडलो.

आणि कर्सर. हे मी एड्रियनला कधी सांगितलं नाही. मी चाळिसाव्या ओळीवर काम करायला लागलो की कर्सर उडून पहिल्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन लुकलुकत बसायचा. खाली आणला की परत वर. माऊस बदलला, कीबोर्ड बदलला. भर दुपारी, चाळीस माणसं आजूबाजूला, कोणी तरी माझं मुंडकं धरून तिकडेच बघायला लावतंय असं वाटायचं. भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणून संताप यायचा. एकदा मी स्क्रीनला मराठीत घाणेरडी शिवी दिली. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

पहिल्या ओळीत 'श्री' परत लिहूनही बघितलं. हो, मी! चक्क दाराकडे बघून, चोरासारखं लिहिलं. ओळ एक.

तोवर मी माझे सगळे बदल हुई लिंगकडून गुपचूप करून घेत होतो, आणि एड्रियनच्या ते लक्षात आलं. त्याच महिन्यात माझ्याही ईपीचं नूतनीकरण होतं. ते झालं नाही तर इराची शाळा, घर, सहा वर्षं, सगळं बंद. एड्रियननं टीमसमोर सुनावलं, "सिक्स इयर्स ऑलरेडी. वन फाईल ऑल्सो कॅनॉट? थर्सडे, न्यू वेअरहाऊस. यू डू, यू ओन्ली. आय वॉच."

बुधवारी संध्याकाळी सातला मी चिंचवडला फोन लावला. तिकडे साडेचार. जोगळेकरांच्या बायकोनं उचलला.

"वहिनी, मंदार बोलतोय, सिंगापूरहून."

"कळलं. आता काय राहिलंय?"

"सरांना जरा..."

"त्यांना तिथे कोणी जरा विचारलं होतं का?" म्हणाल्या, आणि फोन आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं ठेवला. पण पलीकडून जोगळेकरांचा आवाज आला, तसाच, हळू. मी फाईलबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं नीट, एकेक करून विचारलं. पाथ, परमिशन, अदृश्य अक्षरं. मग थांबून म्हणाले,

"मंदार, वरती ते 'श्री' नाही ना राहिलंय कुठे? काढून टाक बाबा. बाकीच्या फाईलीही बघ. माझ्याच त्या खुळामुळे झालं होतं सगळं. मी आता कुठे लिहीत नाही, घरच्या वह्यांतलंही पुसून टाकलं. परवा वाण्याची यादी लिहायला घेतली, तर पेन वरच थांबलं. म्हटलं नको. एकदा तीन गोदामं बंद पाडली त्यानं."

मी "बरं सर" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता ऐका. वर मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. एड्रियनला मी जे सांगितलं ते खोटं होतं. त्या सकाळी 'श्री'मुळे काहीही झालं नव्हतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी घाईत चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता खऱ्या फाईलमध्ये तसाच ठेवून घरी गेलो होतो. पत्ता चुकीचा असला की प्रोग्रॅम फाईल लोडच करत नाही. सापडलं तेव्हा मी गुपचूप पत्ता बदलला, त्याच वेळी वरचं 'श्री' पुसलं, आणि खापर त्याच्यावर फोडलं. कोणाला संशय येणार? आणि माझी खात्री होती की जोगळेकर भांडणार नाहीत. पण त्यांचाही त्यावर विश्वास बसेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मीटिंग रूममध्ये मोठ्या स्क्रीनवर माझी फाईल. एड्रियन, हुई लिंग, नव्या गोदामाची दोन माणसं. मी टाईप केलं, सेव्ह केलं, सुरू केलं. लोड करता येत नाही, ओळ एक. पुन्हा केलं. ओळ एक. कर्सर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाळिसाव्या ओळीवरून वर गेला आणि तिथे लुकलुकत राहिला.

"यू टच ऑर नॉट?" एड्रियननं विचारलं. माझे दोन्ही हात टेबलावर होते, कीबोर्डपासून लांब.

मी सांगून टाकलं. पश्चात्ताप वगैरे झाला म्हणून नाही, घाबरलो म्हणून. त्या सकाळी फाईलमधला चुकीचा पत्ता माझा होता, जोगळेकरांची ओळ नव्हती, सगळं. एड्रियननं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "ओके. नाऊ लोड."

मला खरंच वाटलं होतं की आता होईल. नाही झालं. ओळ एक. शेवटी हुई लिंगनं माझ्याकडे न बघता कीबोर्ड ओढून घेतला आणि काम केलं.

खाली मॉलच्या दाराशी उभं राहून मी परत चिंचवडला फोन लावला. या वेळी त्यांनीच उचलला. मी एका दमात सांगितलं. पत्ता माझा, चूक माझी, तुमच्या 'श्री'नं कधी काही बंद पाडलं नव्हतं.

"नोकरी घेतलीस, ते समजू शकतो," ते म्हणाले. "पण माझ्याच हातानं मला ते पुसायला लावलंस." आणि फोन कट झाला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला होता.

शुक्रवारी सकाळी मी फाईल उघडली, एक आकडा बदलला, सेव्ह केली. लोड झाली. पुन्हा केली, पुन्हा झाली. दहा वेळा करून बघितलं. कर्सर जिथे ठेवला तिथे राहत होता. हुई लिंग आता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

माझा ईपी कंपनीनं वाढवला नाही. त्याबद्दल रडत नाही, जोगळेकरांनाही कोणी दुसरी संधी दिली नव्हती. मराठी ग्रुपवर आमचा सोफा आणि इराचं स्टडी टेबल टाकलंय. केतकीला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांचा मिक्सर आधी परत पाठव. मी यात एक चटणी वाटणार नाही यापुढे."

आणि आता जे सांगायला इतकं लिहिलं ते. गेल्या आठवड्यात, नोटीस पिरियडमध्ये काम नव्हतं तेव्हा, मी गंमत म्हणून... गंमत कसली, राहवेना म्हणून... चालत असलेल्या फाईलमध्ये पहिली ओळ परत लिहिली. हॅश, आणि श्री. प्रोग्रॅम जी ओळ वाचतच नाही ती. लोड झाली नाही. ओळ एक. पुसली, झाली. घरी केतकीनं लिहिलं, तर झाली. मी, तर नाही. काल रविवारीही करून बघितलं. माझ्या हातचं तेवढं एक चालत नाही, बाकी सगळं चालतं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी वाचेन, पण पटणार नाही हे आत्ताच सांगतो. जोगळेकरांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली का, ते मला माहीत नाही आणि विचारायला तोंडही नाही.

आज सकाळी मिक्सर खोक्यात भरला. आत टाकायला चिठ्ठी लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या. कागदाची सगळ्यात वरची जागा मी कोरी सोडली.