सुई-दोऱ्याचा खोका

ती घटना आठवली की आजही आधी चीड येते, बाकीचा तपशील नंतर. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पोलीस उपनिरीक्षक झाले, बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात चार वर्षे काढली आणि पुढे नोकरी सोडली. त्या चार वर्षांत असा तपास एकच आला, ज्यात विष देणारे कुणी नव्हते आणि तरीही एक बाई अटकेच्या उंबरठ्यावर उभी होती.

सकाळची हजेरी चालू असताना मोठ्या दवाखान्यातून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावीच लागते अशा रुग्णाची, खबर आली. शिरूर कासारकडचा ऊसतोड मजूर, वय बत्तीस, घसा आणि मान सुजून श्वास अडलेला, विषबाधेचा संशय. पाठोपाठ त्याचा थोरला भाऊ ठाण्यात हजर झाला. मोळी वाहताना पडल्याने धाकट्याच्या मानेचे मणके सरकले होते. सहा दिवसांपूर्वी एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून ते जोडले होते.

"घरी आनला तवा चांगला बोलत व्हता, मॅडम. भावजयीनं कायतरी काळं पाजलं. मी सोता पाहिलं."

गुन्हा दाखल झाला. बायकोला चौकशीला बोलावले.

"काय पाजलंत?"

"काईच न्हाई."

तीनदा विचारले, तीनदा तेच उत्तर. भावाने सोबत आणलेल्या पातेल्याच्या तळाशी काळा साका होता. मी तो मोहोरबंद करून तपासणीला पाठवायला घेतला, तेव्हा आमचे ज्येष्ठ हवालदार वैतागले. "मॅडम, तुमी भांडी धाडत बसा. हितं बाई तोंडावर खोटं बोलायलीय. अटक दावा अन् मोकळं व्हा."

मला त्यांचा राग आला; पण खरे सांगायचे तर तोवर माझेही मत तेच झाले होते. खोटे बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असे मानण्याची खोड ठाण्यात फार लवकर लागते.

चौथ्यांदा विचारल्यावर ती फुटली. "ओव्याचा काढा दिल्ता. गिळताना दुखतंय म्हनला. डाक्टरनं बाहेरचं कायबी देऊ नका म्हनून दम दिल्ता, म्हनून बोलले न्हाई." मग थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "मी त्याला कावून मारीन? नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकल्या बाईला टोळीत कोन घेतंय?"

तिचे म्हणणे आमच्या कागदांपेक्षा पक्के होते. पण ते पुरावा नव्हते. साहेबांनी संध्याकाळपर्यंत अटकेचा निर्णय मागितला होता.

दुपारी घरझडती घेतली. कोनाड्यात एक पांढरा, जाड पुठ्ठ्याचा खोका होता. गोळ्या असतील म्हणून हवालदारांनी तो उपडा केला, तर सुया, दोऱ्याची रिळे आणि बटणे निघाली.

"हा कुठला?"

"आप्रेशनचा. आत ह्येच वापरलं म्हनून डाक्टरनं रिकामा खोका दाखवला. लई मजबूत हाय, म्हनून ठिवला."

खोक्यावरचे नाव वाचले; एम.एस्सी.पासून ते माझ्या ओळखीचे होते. ते हाड वाढवणारे प्रथिन होते. मणके सांधताना मध्ये ठेवले की ते आजूबाजूच्या पेशींना हाड तयार करायला लावते. पण ते ठेवलेल्या जागी गप्प बसेलच असे नाही. तळाशी घडी घालून घट्ट बसवलेले माहितीपत्रक तसेच होते. मानेत पुढच्या बाजूने वापरल्यास घसा सुजतो, गिळणे आणि श्वास अवघड होतो, हा त्रास पहिल्या दोन आठवड्यांत उद्भवू शकतो, असे त्यात स्पष्ट छापले होते. शस्त्रक्रियेचा व्रण गळ्यावर पुढेच होता. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

अतिदक्षता विभागात फोन लावून ही सूज त्या प्रथिनाची असू शकते, असे सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोलीस आहात ना?"

"आहे. औषधाचे नाव लिहून घ्या."

त्यांनी घेतले. स्कॅनमध्ये सूज शस्त्रक्रियेच्या जागेभोवतीच दिसली. उपचारांची दिशा बदलली आणि पाचव्या दिवशी रुग्णाच्या घशातली श्वासाची नळी निघाली. तपासणीत पातेल्यातल्या साक्यात ओवा, हळद आणि गूळ निघाला.

खासगी रुग्णालयाची फाइल मागवली. संमतीपत्रात हाच दुष्परिणाम नोंदवलेला होता, इंग्रजीत. आणि खाली सही होती फिर्यादी भावाची.

"हे वाचलं होतं का?"

"सही करा म्हनले, केली."

"आणि फिर्याद?"

"ती तुमच्या हवालदारानं लिव्हली. तिथं बी सही करा म्हनले."

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तर मलाच समजावले, "सगळे दुष्परिणाम सांगत बसलो तर टेबलावर कोण झोपेल?" त्यांचा जबाब जसाच्या तसा नोंदवून कागद वैद्यकीय परिषदेकडे पाठवले. गैरसमजातून आलेली फिर्याद म्हणून 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात गेला.

महिन्याभराने त्या मजुराची बायको ठाण्यात आली. मला वाटले, आमच्याविरुद्ध तक्रार असेल. ती तिने करायलाच हवी होती.

"माझा खोका द्या की, मॅडम. सुया समद्या सांडून ऱ्हायल्यात."

झडतीत जप्त केलेला मुद्देमाल परत करण्याचा आदेश आलेला होता. पावतीवर सही घेऊन मी खोका दिला. तिने आतला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "ह्यात काय लिव्हलंय, ते एकदा सांगा तरी."

मी खुर्ची पुढे ओढली आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. तिने मध्ये दोनदा थांबवून नीट विचारून घेतले. एकूण बारा मिनिटे लागली. शस्त्रक्रियेआधी तेवढी कुणाकडे नव्हती आणि पहिल्या चौकशीत माझ्याकडेही नव्हती. त्यानंतर मी कुठलीही सही, जे लिहिले आहे ते समोरच्याला वाचून दाखवल्याशिवाय घेतली नाही. त्या पावतीवरची मात्र मी तशीच घेऊन बसले होते.