म्युरिअलबाई बेशुद्ध पडतात

म्युरिअल ऑग्डेनबाईंना बेशुद्ध पडायला फार छान जमतं. यॉर्कशरमधल्या आमच्या जुन्या स्पर्धा-गाड्यांच्या क्लबात दरवर्षी शर्यती सुरू व्हायच्या आधी बचाव पथकाची तालीम होते. कुणीतरी गाडीत जखमी होऊन बसायचं आणि आम्ही त्याची मान न हलवता त्याला बाहेर काढायचं. तगडी पोरं हे काम टाळतात, म्युरिअलबाई हौसेनं करतात. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली, चांगली भरभक्कम बाई. एकदा डोळे मिटले की अंग असं सैल सोडतात की चौघांना घाम फुटतो. वर दुसऱ्या दिवशी विचारतात, "काल माझा डावा पाय कुणी आपटला रे?"

बाईंचा नवरा विल्फ सत्तरी ओलांडलेला. वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाआधी शर्यतींत पळवलेली हिरवी दोन आसनी गाडी तो अजून शर्यतीत उतरवतो. तिचं स्टिअरिंगचं चाक एवढं मोठं की थेट मांड्यांवर टेकतं. खटका ओढताच निघून येणारं नवं चाक बसव, म्हणून बाई कितीतरी हिवाळे त्याच्या मागे लागल्या होत्या. विल्फचं उत्तर ठरलेलं, "बाबांचे हात लागलेत त्याला. आणि मी बसतो, उतरतो, मला कुठं अडतंय?" जुन्या गाडीवाल्यांचं हे दुखणंच आहे. गाडीचा मूळचा स्क्रूसुद्धा यांना जिवापेक्षा प्यारा. मला तर ऐकून ऐकून चीड यायची.

त्या वर्षी तालमीच्या दिवशी बाई तडक विल्फच्या गाडीत जाऊन बसल्या. "आज हीच गाडी," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

पथकाचा प्रमुख मी. त्या दिवशी एक माणूस कमी होता, म्हणून मागे उभं राहून डोकं धरायचं काम मी विल्फलाच दिलं. आम्ही बाईंच्या पाठीमागे फळी सरकवली, उचललं, तर मांड्या चाकाखाली अडकल्या. तिरकं करून पाहिलं, तरी अडकल्या. "पेट्रोल गळतंय असं समजा, आटपा!" मी ओरडलो. कुणाच्यानं काही होईना. शेवटी मी हात वर केला. "थांबा रे. एव्हाना गाडी पेटली असती."

विल्फ म्हणाला, "म्युरिअल, पुरे आता. ऊठ."

बाई हूं की चूं करेनात. एक हात दारावरून खाली लोंबत होता. हे नाटक आहे हे त्याला माहीत होतं. तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जिच्याशी आयुष्यभर हुज्जत घातली तिचं डोकं त्याच्या तळहातांत होतं आणि त्याला ते खाली ठेवताही येत नव्हतं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

"चाक काप," तो मला म्हणाला.

"अरे, तालीम आहे ही. त्या उतरतील की आपल्या आपण."

"ती उतरेल. माझी शुद्ध गेली तर मला कोण उतरवणार? काप म्हणतो ना!"

मी पथकाची मोठी कात्री लावली. चाकाचं जुनं लाकूड कडकन मोडलं तेव्हा मलाच कसंतरी झालं. तुकडा निघाला आणि बाई फळीवरून अलगद बाहेर आल्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला की ज्या गाडीतून तालमीत माणूस निघत नाही, ती गाडी शर्यतीत उतरत नाही. आधी बोंब मारणाऱ्यांनीही मग निमूटपणे चाकं बदलून घेतली.

पण ते सगळं नंतरचं. तेव्हा गवतावर, फळीला पट्ट्यांनी बांधलेल्या बाईंनी डोळे उघडले आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. हात बांधलेले, डोळे पुसता येईनात. विल्फनं गुडघे टेकले आणि खिशातल्या ऑइलच्या फडक्यानंच त्यांचे गाल पुसले.

"आता कशाला रडतेस, येडे? निघालीस ना बाहेर?"

"मी कुठली," बाई म्हणाल्या. "तू निघालास."