नुआलाबाईंचं बिडाचं पातेलं

आपल्या शेजारच्या नुआलाबाई गेल्याचं मुरलीधररावांना त्यांच्या मुलानं, शैलेंद्रनं, फोनवर सांगितलं. त्या बाईंविषयी त्यांना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. त्यांचं आडनावसुद्धा त्यांना धड उच्चारता येत नसे. नवरा बस चालवायचा, तो ओळख व्हायच्या चार वर्षं आधीच वारला. त्या स्वतः एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात सत्तावीस वर्षं चादरी धूत होत्या. मुलगी शिनेड, मुलगा कॉनर. बस्स, इतकंच. त्यांचं वय किती, त्यांना झोप लागत असे की नाही, यातलं काही मुरलीधररावांनी कधी विचारलं नाही. ओळख होती ती मोजक्या रविवारांची, आणि तीही दर वेळी अर्ध्या तासाची.

नागपूरच्या पोस्टातून निवृत्त झालेले मुरलीधरराव २०१८च्या सप्टेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर परदेशी, क्लोनडॉकिनला मुलाकडे आले होते. पत्नी कुमुद दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नात तन्वी शाळेत. मुरलीधरराव मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत. एका रविवारी दुपारी शेजारच्या कुंपणावरून एक पांढरं डोकं वर आलं.

"ओ मिस्टर! तुमचे हात बरे आहेत का?"

मुरलीधररावांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "आहेत."

"मग जरा इकडे या. माझे दोन्ही गेलेत."

स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये बिडाचं एक भलंमोठं पातेलं होतं. नुआलाबाईंची मनगटं सुजून वाकडी झाली होती. त्यांनी जाड कापडी पंजे पुढे केले. मुरलीधररावांनी पातेलं उचलून टेबलावर ठेवलं, तेव्हा झाकणाच्या फटीतून वाफ आली आणि आत काय असावं याचा त्यांना अंदाज आला. तरी त्यांनी विचारलं.

"बीफ आणि नूडल्स. गरिबाचा थाट," त्या हसून म्हणाल्या. "अर्धा किलो खिमा, तोही गुरुवारी संध्याकाळी पिवळं लेबल लावून स्वस्त करतात तेव्हाचा. त्यात गाजरं किसायची, मूठभर ओट्स घालायचे, कुणाच्या बापाला कळत नाही. नूडल्स अर्ध्याच उकडायच्या, बाकीच्या टोमॅटोच्या रसात फुगतात. चीज थोडंसंच, पण कडेकडेनं पसरायचं, म्हणजे भरपूर दिसतं. सहा माणसं जेवतात. थांबा, थोडं वाढते."

मुरलीधररावांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. पण एवढ्या हौसेनं पुढे केलेल्या बशीला हे खात नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. "पोट," ते पोटावर हात ठेवून म्हणाले. घरी येऊन त्यांनी दोनदा हात धुतले.

"बाबा, कुठे होता?" सून ईशानीनं विचारलं.

"मागे. पाय मोकळे करत होतो."

पुढच्या रविवारी साडेचारला ते आपणहून कुंपणाशी उभे राहिले. मग ते ठरूनच गेलं. पाचला नुआलाबाईंची मुलं यायच्या आत पातेलं टेबलावर यायचं आणि मुरलीधररावांनी मागच्या दारानं निघून जायचं.

"पत्र्याच्या हलक्या ट्रेमध्ये का करत नाही?" त्यांनी एकदा धीर करून विचारलं.

"आणि मोठं भांडं कुठे गेलं म्हणून शिनेडनं विचारलं तर?" नुआलाबाई खुर्चीत बसल्या. "हे बघा, मर्ली. यांचा बाप गेला तेव्हापासून ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ती म्हणते, आईनं घर विकून वृद्धाश्रमात राहावं. तो म्हणतो, घराला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसतात ते या जेवणापायी. 'मीठ दे' एवढं तरी म्हणतात. मला पातेलं उचलत नाही हे कळलं, की संपलं. आश्रम. मग कोण कुणाला मीठ देतंय?"

मुरलीधररावांनी मान हलवली. कुमुद असती तर तिनं या बाईंना दोन शब्द बरे सांगितले असते.  त्यांनी मात्र नोव्हेंबरपर्यंत एकही रविवार चुकवला नाही. वास लागू नये म्हणून श्वास रोखायचा, पातेलं उचलायचं, टेबलावर ठेवून सोडायचा. त्या त्यांना 'माझा चोर' म्हणत, कारण ते मागच्या दारानं पळत.

नोव्हेंबरात कुमुदच्या श्राद्धाची तिथी रविवारी आली.

त्या दिवशी आपण बीफच्या पातेल्याला हात लावणार नाही, हे मुरलीधररावांच्या मनात पक्कं होतं. त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. प्रश्न होता तो नुआलाबाईंना सांगायचं कसं. शनिवारी ते तीनदा कुंपणापर्यंत गेले. पण सांगणार काय? माझ्या बायकोचा दिवस आहे, म्हणून तुमच्या अन्नाला मी शिवत नाही? इतके रविवार शिवलो, ते कसं? त्यांच्या इंग्रजीत ते शिवीसारखं वाटलं असतं. उद्या येत नाही, एवढंच म्हणून परतायचं, असंही ठरवलं. मग त्या 'का' म्हणतील, असं वाटलं. तिसऱ्यांदा नुआलाबाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा मालवलेला दिसला आणि त्यांना सुटल्यासारखं झालं. आपण गेलो नाही तर त्या मुलाला उचलायला सांगतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्या सांगणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

रविवारी शैलेंद्रनं सोवळं नेसून, लॅपटॉपवर पुण्याच्या गुरुजींकडून श्राद्ध उरकलं. खीर, वडे, भाताची मूद असं पान मागच्या अंगणात ठेवलं. कावळे भिंतीवर बसून नुसते बघत होते.

"इथल्या कावळ्यांना सवय नाही, बाबा," शैलेंद्र म्हणाला. "आत चला, गारठाल."

"शिवू दे. मी थांबतो."

साडेचार वाजले. मुरलीधररावांनी पानावरची नजर काढली नाही. पावणेपाचला शेजारून आवाज आला. बिडाचं भांडं फरशीवर पडल्याचा आवाज दुसऱ्या कशासारखा नसतो.

ते धावले. नुआलाबाई ओव्हनपाशी बसलेल्या होत्या, पाय पुढे, पायमोज्यावर वाफाळता रस्सा. सगळी फरशी नूडल्सनी भरली होती.

"आधी फरशी," त्या दात आवळून म्हणाल्या. "पाय राहू दे. मुलं येतील. फरशी!"

मुरलीधररावांनी नळ सोडून त्यांच्या पायावर ओलं फडकं टाकलं, आणि मग ते गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खिमा गोळा करू लागले. दार उघडलं तेव्हा ते तसेच होते. शिनेड आत आली, मागून कॉनर.

"आई! हे कुणी केलं? हा कोण माणूस?" शिनेड ओरडली.

नुआलाबाईंनी मुरलीधररावांकडे पाहिलं. काय म्हणायचं ते त्या पाहण्यात स्पष्ट होतं. माझ्या हातून पडलं, एवढे तीन शब्द. ते त्यांना इंग्रजीतही येत होते. पण त्यांना आपल्या चुकीची इतकी लाज वाटत होती, की तीच आधी तोंडातून बाहेर पडली.

"सॉरी. माझी चूक. दर रविवारी मी उचलतो. आज आलो नाही."

"दर रविवारी?" शिनेड हळूच म्हणाली.

कॉनर आईकडे बघत राहिला. नुआलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यापुढे बोलणं झालं ते भाऊबहिणीतच, आणि बऱ्याच मोठ्यानं. मुरलीधरराव मागच्या दारानं घरी आले. पानाला कावळा शिवला होता की नाही, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढचे दोन रविवार शेजारी कुणी आलं नाही. कॉनरची गाडी दिसली नाही. मग एका सकाळी शिनेड आईच्या दोन बॅगा घेऊन बाहेर पडली. किल्डेअरकडच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाल्याचं शैलेंद्रला कळलं होतं. मुरलीधररावांनी सबंध आठवडा एक वाक्य मनात जुळवलं होतं: त्या दिवशी माझ्या बायकोचं श्राद्ध होतं, म्हणून आलो नाही. भर पावसात छत्री न घेताच ते शिनेडच्या गाडीपाशी गेले. नुआलाबाई पुढच्या सीटवर होत्या, पायाला पट्टी. त्यांनी काच खाली केली.

"तुम्ही कधी निघताय, मर्ली?" त्यांनीच विचारलं.

"गुरुवारी."

"तिकडे ऊन असेल."

"हिवाळा आहे. पण ऊन असतं."

"मग छान. इथे नुसता पाऊस."

"हो," मुरलीधरराव म्हणाले, "आज जरा जास्तच आहे."